मुरलेलं पाणी

रविवार, १४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझं वेळीअवेळी जेवणं आणि तुझी ती खोकल्याची ढास या सगळ्याची चौकशी फोनवर होतेच. तरी ती केल्याशिवाय पत्राला तोंड फुटत नाही, म्हणून पुन्हा केली असं समज. आम्ही तिघंही ठीक आहोत.

आधी अक्षर बघ. हे मी माझ्या हाताने लिहितो आहे, दादाला सांगून लिहून घेतलेलं नाही. सगळा जन्म लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला, आणि मधल्या काळात माझी अक्षरं ओळीवरून अशी खाली घरंगळायची की माझी मलाच लाज वाटे. आता शिरोरेघ सरळ येते. अगदी पूर्वीसारखी नाही, पण एखाद्या चांभाराच्या दुकानाला चालेल इतकी.

चालणंही बरं आहे. सकाळी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यापर्यंत जातो आणि परत येतो, काठी न घेता. परवा डॉक्टरांनी ते चुंबकाचं यंत्र कानामागे धरून डोक्यात बसवलेल्या नळीचा व्हॉल्व्ह थोडा घट्ट केला. मी म्हटलं, "काय डॉक्टर, नळ गळत होता का?" ते म्हणाले, "आजोबा, तुम्ही विनोद करायला लागलात म्हणजे माझं काम झालं." विसरणं मात्र सगळं गेलेलं नाही. शेजारच्या मास्तरांचं नाव अजून ओठांवर येऊन परत फिरतं. उशीर झाला की सगळं परत मिळत नाही, असं तूच म्हणाली होतीस. तेवढं नेमकं माझ्या लक्षात राहिलं आहे.

स्वयंपाकघराच्या खिडकीची बिजागरी दादाने बदलली. आता ती वाऱ्याने आपटत नाही. माझ्या खोलीला नवा रंग द्यायचा म्हणतो आहे. मी म्हटलं, रंग मी निवडणार. तर तो म्हणतो…

हे मी भरकटतो आहे. आणि ते वयामुळे नाही, ती सबब आता संपली.

काल दादाने सांगितलं की तू तो सन्मान नाकारलास. डोक्यातल्या पाण्यावर काम करणाऱ्या जगभरच्या लोकांची एवढी मोठी संस्था, त्यांनी वर्षातल्या सर्वांत चांगल्या संशोधनासाठी तुला निवडलं, आणि तू त्यांना कळवलंस की मी याला लायक नाही. दादाने तुझे शब्द मला जसेच्या तसे सांगितले. "जिला बापाच्या डोक्यातलं पाणी दोन वर्षं दिसलं नाही, तिला पाणी ओळखल्याबद्दल कसला सन्मान? माझं म्हणजे दिव्याखाली अंधार." आणि म्हणाला, ती रडत होती.

मी जेवत होतो. ताट तसंच ठेवून उठलो. तुझी वहिनी म्हणाली, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, भूक नाही." बघ, आणखी एकदा खोटं बोललो. जिभेला सवय लागलेली आहे.

भिंगरी, तुला दिसलं नाही हे खरं नाही. तुला दिसू नये म्हणून मी लपवलं.

तुझ्या पहिल्या मोठ्या सभेचा फलक आठवतो? छापायला वेळ नव्हता म्हणून तू मला रंगवायला सांगितलास. म्हाताऱ्या माणसाचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, लघवी थांबत नाही, आणि माणूस विसरायला लागतो. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका, डोक्याचा फोटो काढा, पाणी साठलेलं असू शकतं, त्यावर उपाय आहे. हे सगळं मी माझ्या ब्रशने लिहिलं, लाल रंगात, हाताएवढ्या अक्षरांत. जे एकदा रंगवलं ते मी विसरत नाही. गावातल्या निम्म्या दुकानांचे फोन नंबर मला अजून पाठ आहेत.

त्यामुळे एके सकाळी शिंप्याच्या दुकानाची पाटी करायला गेलो, शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायला गेलो आणि पाय उचलेचना, तेव्हा मला कुणी सांगायची गरज नव्हती. डिंक लावून कुणी तळवे चिकटवले असावेत तसं झालं. मी शिंप्याला सांगितलं, आज रंग पातळ झालाय, उद्या येतो. तो उद्या आलाच नाही. पुढे रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. तेव्हा तर माझाच फलक माझ्यासमोर कुणी आणून उभा केला असं वाटलं.

आणि तू विचारलंस. हेच तू विसरली आहेस. तुला माझ्या बोलण्यात काही तरी वेगळं वाटलं होतं. तू फोनवर चित्र लावून म्हणालीस, "बाबा, जरा चालून दाखवा बघू." मी म्हटलं, आत्ता नको, लेंगा फाटलाय. आपण हसलो. पुढच्या वेळी मी तयारीत होतो. फोन कपाटावर असा टेकवला की कमरेखालचं काही दिसू नये, आणि टेबलाच्या कडेला हात लावून एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलो. त्याआधी दोन दिवस त्याचीच तालीम केली होती. तू वार विचारशील म्हणून सकाळी पेपर वाचून वार, तारीख घोकून ठेवायचो. तू म्हणालीस, "छान." परीक्षेत कॉपी करून पास झालेल्या पोरासारखा मला आनंद झाला.

मग तू दोन दिवसांसाठी येऊन गेलीस. तेव्हा मी गुडघ्याला पट्टी बांधली आणि गुडघा धरलाय म्हणून सांगितलं. तू माझ्याजवळ खाली बसून गुडघा दाबून बघितलास. तुझे केस मला दिसत होते, त्यांत पांढरे आलेत. मला वाटलं, आता सांगावं. नाही सांगितलं.

का, ते सांगतो, पण त्याआधी आणखी एक आहे, आणि ते याहून वाईट आहे.

मार्चमध्ये मी पडलो. त्या पडण्यामुळेच डोक्याचा फोटो निघाला आणि सगळं उघडकीला आलं. तुला सांगितलं गेलं की वहिनीने न्हाणीघरात पाणी सांडून ठेवलं होतं, त्यावरून ती घसरली, तिला धरायला मी गेलो आणि दोघंही पडलो. हे मी सांगितलं. हॉस्पिटलात, डोक्याला पट्टी असताना, शुद्धीत असताना सांगितलं. दादा तिच्यावर सगळ्यांसमोर ओरडला. "एवढंही भान नाही तुला? बाबांचा जीव गेला असता!" ती हात गळ्यात बांधून बाकावर बसली होती.

झालं होतं ते असं. माझा लेंगा ओला झाला होता. तो कुणी बघायच्या आत धुवावा म्हणून मी न्हाणीघरात गेलो, दार लोटलं, आणि तिथे पाय चिकटले. बालदी कलंडली. आवाज ऐकून ती आली. तिने मला दंडाला धरलं आणि मी तिचा हात झिडकारला. "जा तू, मला काही झालेलं नाही!" असं ओरडलो. त्या झटक्याने माझा तोल गेला, आणि मी सगळाच्या सगळा तिच्या हातावर पडलो. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

माझं डोकं दुरुस्त झालं, तिचं मनगट नाही. ते आता पुरतं वळत नाही. पार्लरमध्ये ती केस कापते, तेच तिचं काम, त्याच कामात तिचा हात असा की बायका तिच्यासाठी थांबून राहायच्या. आता थोडा वेळ कात्री धरली की बोटांना मुंग्या येतात. मालकिणीने तिला गल्ल्यावर बसवलं आहे. ती म्हणते, "बरंय, उभं राहायला नको." त्या घरात मी जेवतो, भिंगरी. तिच्याच हातचं.

काल रात्रभर तुझं रडणं डोक्यात होतं. आज सकाळी ती कणीक मळत होती, एकाच हाताने जोर देत. मी जवळ जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "सूनबाई, त्या दिवशी तू पाणी सांडलं नव्हतंस."

ती म्हणाली, "माहीत आहे, बाबा."

"मी लेंगा धुवायला…"

"तेही माहीत आहे. नुसतं पाणी सांडलं तर त्याला वास येत नाही."

मी म्हटलं, "मग तू बोलली का नाहीस? दादा इतका ओरडला."

तिने कणीक झाकली आणि हात धुतले. म्हणाली, "तुम्ही इतके घाबरलेले दिसत होतात, की बोलवेना. आणि अंथरूण वर्षभर मीच बदलत होते. तुम्ही रोज सांगायचात, तांब्या लवंडला. मला वाटलं होतं, एक दिवस तुम्हीच सांगाल." मग थांबून म्हणाली, "सांगायला फार दिवस लावलेत." तेवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दादाला मी अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

आता का लपवलं ते. तुला टोप्या आठवतो का? तुझा हा धाकटा भाऊ झाला तेव्हा तू पहिलीत होतीस. डोकं मोठं म्हणून आई त्याला सतत टोपी घालायची, आणि तू त्याचं नाव टोप्या ठेवलंस. त्याचे डोळे खाली गेलेले असायचे, तरी तुझा आवाज आला की हसायचा. साठलेलं पाणी काढायला त्याच्या डोक्यात नळी घातली. ती तुंबली. दुसरी घातली. दोन्ही वेळेला डोकं भादरताना त्याला मीच धरलं होतं, कारण आईला ते बघवत नव्हतं. दुसऱ्या वेळी तो रडलासुद्धा नाही, माझं बोट धरून माझ्याकडे बघत राहिला. ती नळीही तुंबली, आणि मग तिसरी घालायला तो राहिला नाही.

तू या कामात त्याच्यामुळे गेलीस, हे तू कधी बोलली नाहीस, पण मला कळत होतं. मला अभिमान होता. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी त्या वस्तऱ्याला घाबरलो. एवढी मोठी लेक त्याच कामात, आणि बाप घाबरून टेबलाच्या कडेने चालतो. दुसरंही एक होतं. जे त्या तान्ह्याला लाभलं नाही ते मला म्हाताऱ्याला लाभावं, हे मनाला पटत नव्हतं. अजूनही पटत नाही. सकाळी औषधवाल्यापर्यंत चालत जातो तेव्हा प्रत्येक पावलाला वाटतं, हे कुणाच्या वाटणीचं चालतोय मी?

सन्मान घे असं मी म्हणणार नाही. तो अधिकार मी घालवला. नाकारायचा तर नाकार, पण खोट्या कारणासाठी नको. दिव्याखाली अंधार नव्हता. दिव्यावर मी हात धरला होता.

तुझा,
तुला फसवणारा
बाबा


सोमवार, १९ नोव्हेंबर

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. असं लिहायला गेले आणि हात थांबला, कारण मी रागावले आहे आणि साष्टांग वगैरे काही मनात नाही. तरी नमस्कार.

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. मधल्या काळात मी फोनवर हवापाण्याचं बोलत राहिले, तुम्हीही बोललात, आणि आपण दोघांनीही पत्राचं नाव काढलं नाही. लपवणं आपल्या रक्तातच आहे असं दिसतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा इतका संताप आला की लॅबचा जिना उतरून खाली जाऊन उभी राहिले. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात याचा नाही. पेशंट खोटं बोलतात, आम्हाला त्याची सवय असते. वहिनीवर जे ढकललंत त्याचा.

आणि आता माझं ऐका. तुम्ही लिहिलंत की सगळं तुम्हीच लपवलंत. ते सोयीचं आहे, आणि मला ते घ्यायचा मोहही झाला. पण ती गुडघ्याची पट्टी शनिवारी डाव्या पायाला होती आणि रविवारी उजव्या. मी पाहिलं, बाबा. पाहिलं आणि हसले. इकडे परत आल्यावर मैत्रिणींना विनोद म्हणून सांगितलं, आमच्या बाबांचं दुखणं रोज पाय बदलतं. कुठे तरी पाणी मुरतंय, हे माझ्यासारख्या बाईला कळू नये? कळलं होतं. पण कळून घेतलं असतं तर तुमचं डोकं भादरताना मला समोर उभं राहावं लागलं असतं. मला टोप्या चांगला आठवतो. टोपी काढल्यावर कसा दिसायचा तेही आठवतं. तुम्ही जितके घाबरलात तितकीच मी घाबरले. तेव्हा सगळा दोष एकट्याकडे ओढून घेऊ नका. माझा माझ्याकडे राहू द्या.

मी संस्थेच्या सचिवबाईंना फोन केला. म्हटलं, मी नकार दिला होता, त्याबद्दल बोलायचं आहे. त्या म्हणाल्या, "तो मी अजून पुढे पाठवलेलाच नाही. असे नकार येतात. या कामात असलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात कुणी ना कुणी असतं, आणि ऐन वेळी त्यांना वाटतं की आपण कमी पडलो." मग मी गेले. सन्मान घेतला. चांगलं वाटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही. जड वाटलं.

दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा लिहून नेलेलं बाजूला ठेवलं आणि तुमची गोष्ट सांगितली. कपाटावरचा फोन, पेपरमधला वार, पट्टी. लोक हसले, मग हसायचे थांबले. मी म्हटलं, आम्ही पेशंटचे पाय बघतो, त्याने पाय कसे झाकले ते बघत नाही, आणि ते मलाही बघायचं नव्हतं. नंतर चहाच्या रांगेत एक वयस्क डॉक्टरीणबाई माझ्यामागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझी आई स्वयंपाकघरातून बाहेरच यायची नाही. आम्हाला वाटायचं, तिला काम आवडतं." दोघींचाही चहा तसाच राहिला. त्यांच्याकडचे पेशंट आणि आमच्याकडचे मिळून आता आम्ही नवं काम सुरू करतो आहोत. घरच्यांना, आणि त्यातही अंथरूण बदलणाऱ्या माणसाला, वेगळं बोलावून विचारायचं. इतकी वर्षं ते कुणी नीट विचारलंच नव्हतं. मीही नाही.

जानेवारीत महिनाभर येते आहे. तिथल्या एका हाताच्या सर्जनशी बोलले. वहिनीच्या मनगटाचे फोटो मला पाठवा. पूर्वीसारखं होईल असं ते म्हणत नाहीत, पण आजच्यापेक्षा बरं होऊ शकेल. वेळ मी घेतली आहे, तिला घेऊन मीच जाणार.

तुम्हाला माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आता आणखी एक खोटं आपल्या घरात मावणार नाही. तुम्ही तिला सांगितलंत, मला सांगितलंत. पण ती ज्याची सगळ्यांसमोर बोलणी खाऊन बसली, त्याला सांगितलं नाहीत. दादाला सांगितल्यावर मला पत्र लिहा. तोवर फोन नको.

तुमचीच,
भिंगरी


रविवार, २ डिसेंबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

सांगितलं. आज दुपारी, जेवणं झाल्यावर, तिघंही टेबलाशी असताना. आधी वाटलं होतं की त्याला एकट्याला बाहेर नेऊन सांगावं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि तिच्यासमोरच बोललो. लेंग्यापासून झिडकारलेल्या हातापर्यंत सगळं.

दादाने हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे मी हिला त्या दिवशी हॉस्पिटलात सगळ्यांसमोर…" तिच्याकडे वळून म्हणाला, "तू का नाही सांगितलंस मला?"

ती म्हणाली, "तू विचारलंस कुठे? तू ओरडलास."

मग उठली, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेली. कुठे जाते म्हणून विचारायची आमची दोघांची छाती झाली नाही. दादा माझ्याकडे बघेना. ताटं तशीच पडली होती. शेवटी तो उठून भांडी घासायला लागला. मी शेजारी उभा राहून विसळत होतो. एकदा माझा पाय जरा अडखळला तर त्याने न बघताच कोपराला धरलं, आणि सोडलं.

ती अंधार पडायच्या आत परत आली. डोळे लाल होते. सरळ स्वयंपाकघरात गेली, फळीवरचा एक कप उचलून उजेडात धरला आणि म्हणाली, "साबण राहिलाय. पुन्हा धुवा सगळे."

आम्ही पुन्हा धुतले.

दादा अजून माझ्याशी बोललेला नाही. बोलेल तेव्हा बोलेल. मनगटाचे फोटो सोबत पाठवतो आहे. तुला दाखवायचे आहेत म्हटल्यावर ते तिने स्वतःच काढून दिले. मी माफी मागितली आहे. मिळाली की नाही ते विचारायचं नाही, एवढं आता मला कळतं.

तू ये.

तुझा अपराधी,
आणि तरीही तुझा,
बाबा